आहेरात आलेल्या कादंबऱ्या

सरत्या वर्षात मी बऱ्याच कादंबऱ्या वाचल्या. त्यांतील सर्वांत चांगली कादंबरी सर्वांत पातळ होती. ती माझ्या व्याह्यांनी वाचावी अशी माझी इच्छा होती. आणि पातळ असल्यामुळेच ती त्यांना देता येत नव्हती. हकीकत एवढीच आहे. पुढे फक्त तपशील आहेत.

मी कादंबऱ्या वाचणारा माणूस नव्हे. मानवतला कापूस खरेदीवर माझी नोकरी झाली. मी ग्रेडर होतो. गाडी आली की वरचा कापूस पाहायचा नाही. हात कोपरापर्यंत आत घालायचा, मधला चिमूटभर कापूस काढायचा, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून धागा ओढायचा आणि प्रत सांगायची. गाडीवाल्याशी गप्पा मारायच्या नाहीत. गप्पा मारल्या की प्रत आपोआप चढते. अशा रीतीने कमी बोलण्याची सवय लागली आणि निवृत्तीनंतरही ती सुटली नाही. कादंबरी म्हणजे न घडलेली गोष्ट लांबवून सांगणे, असे माझे मत होते. माणसाने घडलेलीच गोष्ट सांगावी आणि तीही थोडक्यात सांगावी.

हे मत एका टोपीमुळे बदलले.

आमच्या भागात कार्य कोणतेही असो, पाहुण्याला टॉवेल-टोपीचा आहेर होतो. टोपी डोक्यावर चढते, टॉवेल खांद्यावर पडतो, पाहुणा हात जोडतो. ती टोपी पुढे कोणी घालत नाही. ती ट्रंकेत जाते आणि पुढच्या कार्यात दुसऱ्याच्या डोक्यावर चढते. परभणी जिल्ह्यात नव्या टोप्या फारशा खपत असतील असे मला वाटत नाही. जुन्याच फिरत असाव्यात.

माझी मुलगी चुडाव्याला दिली आहे. नातवाच्या जावळाला आम्ही तिकडे गेलो. व्याह्यांनी माझ्या डोक्यावर टोपी ठेवली. मी ती काढून पाहिली. आतल्या पट्टीला लाल दोऱ्याचा टाका होता. तो टाका माझ्या पत्नीचा होता. ती टोपी मी पेडगावच्या चुलतभावाला त्याच्या घरभरणीत घातली होती. मधल्या काळात ती कोणाकोणाच्या डोक्यावर बसली असेल ते सांगता येत नाही, पण प्रवास करून ती घरी आली होती.

मी म्हणालो, "व्याही, ही टोपी माझीच आहे. यापुढे टोपी नको. द्यायचेच असेल तर वाचायला काहीतरी द्या."

मला वर्तमानपत्र अभिप्रेत होते. पण लोकांनी एवढेच ऐकले की मुलीच्या बापाने आहेराला नाव ठेवले. आमच्याकडे बाप असे काही बोलला की त्याचे उत्तर मुलीला द्यावे लागते. स्वयंपाकघरात, रोज थोडे थोडे. मुलगी दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिले आणि मान खाली घातली.

त्या घरात मानपानाचा जिम्मा विहीणबाईंकडे आहे. उंच बाई. आवाज चढवत नाहीत. त्यांना ते कधी लागलेले नाही. त्या म्हणाल्या, "टोपी नको तर नको. पुस्तक घ्या. पण आहेर त्यो आहेर. परतफेड बी तशीच व्हायला पाहिजे. मुलीकडून येईल ते सरस यावं, इतकंच."

मी मान डोलावली. कशाला डोलावली ते मला तेव्हा कळले नव्हते.

पुढे मुलगी माहेरी आली तेव्हा तिच्यासोबत नारळ, खण आणि एक पुस्तक आले. पुस्तकाला हळदकुंकू लावलेले होते. पहिल्या पानावर कुंकवाचे बोट उमटले होते. ती कादंबरी होती.

व्याह्यांविषयी येथे सांगितले पाहिजे. ते रेल्वेत पॉइंट्समन होते. आता शेळ्या पाळतात. अंगाने भरलेले, बोलण्यात सैल, हसले की खाट करकरते. दोन गाड्यांच्या मधल्या वेळात वाचण्याचा त्यांना नाद लागला. पुस्तके विकत आणलेली नसत. डब्यात लोक विसरून जात, ती यांच्याकडे येत. अशा पुस्तकांना बहुधा वेष्टन नसे. कधी पहिली पाने नसत, कधी शेवटची. मधला एखादा भाग कोणी भेळ खायला फाडून नेलेला असे. व्याही जे नसेल ते मनाने भरून काढत आणि पुढे वाचत. त्यांच्या हिशेबी कादंबरी वाचण्याची पद्धतच ती होती. मला आलेले पुस्तक मात्र धड होते. आहेर म्हणून त्यांनी आपल्याजवळचे सर्वांत धड पुस्तक निवडले होते.

मी माझ्या पद्धतीने ते तपासले. मधूनच उघडले. एक माणूस देवळातली चोरलेली घंटा गोधडीत गुंडाळून बैलगाडीतून नेत होता आणि प्रत्येक खड्ड्यात ती वाजत होती. प्रत्येक वेळी तो बैलाच्या गळ्याकडे बोट दाखवून लोकांना समजावत होता. बैलाच्या गळ्यात काही नव्हते. ही घंटा त्याच्याकडे आली कशी हे पाहण्यासाठी मला सुरुवातीला जावे लागले. माझी पद्धत तेथेच मोडली. घंटा चोरणे सोपे असते, ती गप्प ठेवणे अवघड, एवढ्याच गोष्टीवर लेखकाने पुस्तक उभे केले होते. त्याने ती विहिरीत सोडली तर पोहरा तिच्यावर आदळू लागला. गव्हाच्या कणगीत पुरली तर उंदीर वाजवू लागले. अखेर त्याने ती गावाला दान दिली आणि गावाने त्याचा सत्कार केला.

पत्नी आतून धावत आली. "काय झालं? पोटात दुखायलंय का?"

"नाही. हसतो आहे."

"तुमी?"

ती समोर बसली. खात्री करून घ्यायची असावी. मी ते पान तिला वाचून दाखवले. तीही हसली, पण मला वाटते पुस्तकापेक्षा माझ्याकडे पाहून अधिक.

परतफेड करणे आले. मी परभणीला गेलो. तेथे जुन्या पुस्तकांचे एक दुकान आहे. एक माणूस, एक स्टूल आणि छतापर्यंत पुस्तके. कादंबरीतले मला काही कळत नव्हते, म्हणून मी जाडी पाहिली. आलेल्यापेक्षा एक बोट जाड, अशी एक निवडली. दुकानदाराने कोणत्या लेखकाची हवी असे विचारले. मी म्हणालो, "एवढी," आणि चिमूट दाखवली.

माल न तपासता पुढे पाठवणे मला जमत नाही. पाहुण्याकडे जायची म्हणून दोन पाने पाहू, असे ठरवून बसलो आणि आहेर आठवडाभर घरातच राहिला. त्यात एक पैलवान होता. गुडघा मोडल्यावर त्याला मुलींच्या वसतिगृहात आचाऱ्याचे काम मिळते. कुस्ती मारावी तशी तो कणीक मळतो. मुली त्याला घाबरतात. त्याहून तो मुलींना अधिक घाबरतो. पहिल्या दिवशी त्याने केलेल्या पोळ्या खाऊन एक मुलगी म्हणते, "काका, ह्या चितपट झाल्यात." तेथे मी पुस्तक मिटून अंगणात एक फेरी मारून आलो. माझ्या वयाला असे हसणे शोभत नाही.

पुस्तक चुडाव्याला पोहोचले आणि फोन येऊ लागला. त्यापूर्वी आमचे फोनवरचे बोलणे "बरे आहात ना" आणि "बरे आहे" एवढेच असे.

"व्याही, त्यो पैलवान भाकरी थापायला शिकायलाय, तिथवर आलोय," व्याही म्हणाले. "पुढं काय व्हतं ते सांगू नका."

"सांगत नाही."

"पण त्या मेट्रन बाईसंगं त्येचं काही जमतंय का?"

"सांगू नका म्हणालात."

"त्ये मेट्रनचं सोडून बाकीचं सांगू नका म्हनलं मी."

मी फोन ठेवला. थोड्या वेळाने पुन्हा वाजला. मी उचलून "जमते" एवढे म्हणालो आणि ठेवला.

पुढचा आहेर तिकडून आला तो माझ्या आहेराहून जाड होता. त्यात जत्रांमागून हिंडणारे कासारांचे घराणे होते. आजीपासून नातीपर्यंत प्रत्येकीला गिऱ्हाइकाचा हात हातात घेताच तिच्या संसारातले खरे-खोटे कळत असे आणि ते बोलून न दाखवण्याची शपथ घातलेली असे. मी त्याहून जाड पाठवली. त्यांनी त्याहूनही. मुलगी फोनवर सांगे की सासूबाई प्रत्येक पुस्तक आले की चार बोटे आडवी लावून पाहतात आणि मग उचलून वजनाचा अंदाज घेतात. "ह्या बारीला बरं आलंय," असे त्या म्हणाल्या की घर निर्धास्त होई. पावसाळा संपेपर्यंत पुस्तके पाटाच्या जाडीची झाली. नातवाला बसायला त्यांतलीच एक देतात असे ऐकले.

सगळी चांगली होती असे नाही. एक तर मी निम्म्यावर सोडली. तिचा नायक प्रत्येक प्रकरणात रडत होता. कापसाचे वजन वाढावे म्हणून काही लोक त्यावर पाणी मारतात. हाताला गार लागले की ग्रेडरला कळते. ती कादंबरी हाताला गार लागत होती. ती मी पाठवली नाही. जाड होती तरी.

एक मात्र अशी निघाली की तिने मला फसवले. एक भूमापक गावाची मोजणी करायला येतो आणि आपल्याच साखळीच्या दोन टोकांमध्ये नाहीसा होतो. परभणीहून परतताना पॅसेंजरमध्ये मी ती उघडली. मानवत रोड केव्हा आले आणि गेले ते कळले नाही. सेलूला डबा रिकामा होऊ लागला तेव्हा मान वर केली. भूमापक अद्याप सापडला नव्हता. फलाटावरच्या बाकावर बसून मी प्रथम त्याचा शोध पूर्ण केला आणि मग परतीच्या गाडीची चौकशी केली.

"उशीर कामून झाला?" पत्नीने विचारले.

"सेलूला काम निघाले."

हे खोटे नव्हते.

दिवाळीच्या थोडे आधी मी पुन्हा त्या दुकानात गेलो. चुडाव्याहून आलेल्या शेवटच्या पुस्तकाला उत्तर देईल असे काही शोधायचे होते. दुकानदार शिडीवर चढला आणि वरून एक जाड पुस्तक ओढले. त्याबरोबर एक पातळ पुस्तक माझ्या पायाशी पडले. वहीपेक्षाही पातळ. "ते असंच घेऊन जा," तो म्हणाला. मी ते सदऱ्याच्या खिशात ठेवले. सदऱ्याच्या खिशात मावलेली ती वर्षातली पहिली कादंबरी.

तिच्यात दोन म्हाताऱ्या आहेत आणि एक कढई. पूर्वी दोघी शेजारी राहत. एक गाव सोडून जाते. उभे आयुष्य गेल्यावर ती एस.टी.ने परत येते, पिशवीतून कढई काढते आणि म्हणते, ही मी तुझ्याकडून उसनी नेली होती. दुसरी म्हणते, ही माझी नाही. एवढेच. एक दुपार. पहिली कढईच्या कानाला पडलेला पोचा दाखवते. दुसरी म्हणते, माझ्या कढईला पोचा नव्हता. मध्ये चहा होतो. मेलेल्या माणसांची चौकशी होते. पुन्हा कढई मध्ये येते. शेवटाकडे दुसरी म्हातारी काही न बोलता कढई पालथी घालते, बुडाच्या काजळीवरून बोट फिरवते, ते बोट पाहत बसते आणि मग उठून ती चुलीवर ठेवते. संध्याकाळच्या गाडीने पहिली परत जाते. कढई कोणाकडे राहिली ते लेखकाने सांगितलेले नाही.

मी त्या बोटापाशी थांबलो. पुस्तक मिटले. उठलो, पाणी प्यालो, पुन्हा बसलो आणि पहिल्यापासून वाचले. प्रत सांगता आली नाही. नोकरीत असे एकदाही झाले नव्हते.

मला तत्काळ व्याह्यांना फोन करावासा वाटला. त्यांच्याखेरीज हे बोलण्यासारखे मला कोणी नव्हते. क्रमांक लावला आणि बंद केला. वाचलेले नसताना सांगणे म्हणजे त्यांचे नुकसान करणे. त्यांनी वाचणे आवश्यक होते.

मुलीला विचारून पाहिले. "एक लहान पुस्तक पाठवले तर?"

"केवढं लहान?"

मी सांगितले.

मग ती हळू आवाजात म्हणाली, "बाबा, तसलं नका पाठवू. इतकं चांगलं चाललंय. सासूबाई आता गावात तारीफ करत्यात तुमची. मुलीकडचे जपून वागतात म्हणून. दिवाळीच्या आहेराला असलं कागदाएवढं आलं तर जावळाची गोष्ट पुन्हा निघेल."

"बरे," मी म्हणालो.

वाचायला म्हणून उसने द्यावे, तर व्याह्यांत उसनवारी चालत नाही. जाड पुस्तकाबरोबर जोडून द्यावे, तर आहेरावर वरकड दिल्यासारखे होते. ते भीक घातल्यासारखे दिसते, असे पत्नीचे म्हणणे पडले. अखेर मी जे केले ते माझ्या पेशाला शोभणारे नव्हते. मानवतला कोर्टाजवळ दप्तरे बांधून देणारा एक बाइंडर आहे. मी दोन जाड कादंबऱ्या घेतल्या, मध्ये ती पातळ ठेवली आणि तिन्ही एकत्र बांधायला दिल्या. आयुष्यभर वजन वाढवलेला माल मी परत पाठवला होता. आता मीच तो तयार करत होतो, आणि खरे सांगायचे तर मला मजा वाटत होती.

बाइंडरने निळ्या कापडाची भक्कम बांधणी केली. मी उघडून पाहिले. तिन्ही पुस्तकांची वेष्टने आणि नावांची पाने गायब होती.

"नावाची पाने कोठे गेली?"

"टाका धरत न्हाईत साहेब. काढून टाकली."

मला त्यात अडचण दिसली नाही. तीन गोष्टी आहेत हे कोणालाही कळेल. पहिल्या कादंबरीत एक मुलगा घरातून पळून तंबूतल्या सिनेमाबरोबर गावोगाव हिंडतो. तिसरीत एका बाईची एस.टी.त कंडक्टर म्हणून पहिल्या वर्षाची नोकरी आहे. त्यांचा कढईशी काही संबंध नाही.

भाऊबीज करून मुलगी ते पुस्तक घेऊन गेली. विहीणबाईंनी चार बोटे लावली, पुरली नाहीत. "लय भारी आलंय," असे त्या म्हणाल्याचे कळले. मग फोन बंद झाला. एरवी रोज वाजणारा फोन वाजेना. मी फोन जवळ ठेवून बसू लागलो. पत्नी म्हणाली, "वाजायचा तवा वाजंल. घुरून बघितलं म्हणून वाजत न्हाई त्यो."

एके सकाळी तो वाजला.

"व्याही," व्याह्यांचा आवाज बसला होता. "असली कादंबरी जलमात वाचली न्हाई."

"कोणती?"

"कोणती म्हंजी? तुमी पाठवलेली. काय जोडलंय गड्यानं. पहिल्या भागात ते पोरगं घरातून पळालं, तंबूवाल्यांचा सैपाक करायला लागलं. तवा मी म्हनलं, सैपाकाला भांडं कुठून आणलं ह्यानं? लेखक काही बोलंना. आन दुसऱ्या भागात ती म्हातारी कढई घिऊन आली. तवा माझ्या डोक्यात उजेड पडला. ती त्या पोराची माय. पोरानं पळताना शेजारणीची कढई नेली, आन मायनं उमरभर ती परत करायची वाट बघितली."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आन तिसऱ्या भागात," व्याही म्हणाले, "म्हातारी संध्याकाळच्या गाडीनं निघाली, त्या गाडीवर कंडक्टर कोण? त्या पोराची लेक. नात आजीला तिकीट देती आन दोघींना ठाऊक न्हाई. लेखकानं येका शब्दानं सांगितलं न्हाई. पण मला कळालं."

"माणसांची नावे वेगळी आहेत," मी म्हणालो.

"माणसाला दोन नावं असत्यात. माझंच घरी येक व्हतं आन रेल्वेत येक."

"पानांचे आकडे पुन्हा एकपासून सुरू होतात."

"दर भागाला नवे घातलेत. बराबरच हाय."

मी फोन ठेवला आणि पत्नीला सांगितले. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि पदर तोंडाला लावून हसत राहिली. मी हसलो की नाही ते नोंदवत नाही. पण माझी कढई सिनेमाच्या तंबूत गेली होती, आणि ते पुस्तक व्याह्यांनी वाचले की नाही हेच मला समजेना. दुसऱ्या दिवशी मी मानवत रोडला पॅसेंजर पकडली आणि चुडाव्याला उतरलो.

ओसरीवर व्याही बसले होते, मांडीवर निळे पुस्तक. विहीणबाई शेळ्यांना पाला टाकत होत्या. मुलगी चहा घेऊन आली आणि दारातच थांबली. मी चहा पिऊन घेतला. त्यानंतर मिळाला नसता असे मला वाटले.

"व्याही, ती एक कादंबरी नाही. तीन आहेत. मी बांधून घेतल्या."

व्याह्यांनी पुस्तक उलटसुलट केले. "न्हाई."

"आहेत."

"मी येकच वाचली."

"बांधणाऱ्याने नावांची पाने काढली. पहिलीचा लेखक वेगळा, दुसरीचा वेगळा, तिसरी एका बाईने लिहिली आहे."

"मग त्या तिघांची येकमेकाला वळख असंल."

"नाही."

"तुमाला कसं ठाऊक? तुमी त्यांना भेटलाव का?"

विहीणबाईंनी पाला खाली ठेवला, हात झटकले आणि जवळ आल्या. त्यांनी पुस्तक हातात घेऊन कडेने पाहिले. "मधलं पातळ दिसायलंय."

"हो. तेच द्यायचे होते."

"मग त्येच कामून दिलं न्हाई? आमाला पातळ द्यायची लाज वाटली?"

"लाज नव्हे. भीती."

"कुणाची?"

मी मुलीकडे पाहिले. ती मान हलवून नको म्हणत होती. मी म्हणालो, "तुमची."

व्याह्यांची खाट करकरू लागली. आत मुलीच्या हातून काहीतरी भांडे पडले आणि तिचे हसणे ऐकू आले. विहीणबाई हसल्या नाहीत. पुस्तक दोन्ही हातांवर तोलत त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. मी कापसाच्या गाडीवाल्यासारखा त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो. प्रत सांगितली जाण्याची वाट पाहताना माणसाला काय वाटते ते मला प्रथमच कळले.

"तीन हायत म्हणता?"

"तीन."

"म्हंजी तीन आहेर झाले." त्या नवऱ्याकडे वळल्या. "आन तुमी काय दात काढायलाव? आता आपल्याकडून तीन जायला पाहिजेत. मुलीकडच्यांनी तीन दिले आन आपण येक दिला म्हनलं तर गावात तोंड दाखवायला जागा राहणार न्हाई."

व्याह्यांचे हसणे थांबले. "तीन? आता मी तीन कुठून आणू?"

"ते मला काय ठाऊक. आणा."

"पातळ चालतील का?"

विहीणबाईंनी विचार केला. "तीन असल्यावर येकादं चालंल."

मुलगी बाहेर आली आणि माझा रिकामा कप उचलून नेला. जाताना तिने माझ्याकडे पाहिले. या वेळी मान खाली घातली नाही. जेवायला पुरण होते. सणवार काही नव्हता.

दुसऱ्या दिवशी व्याही माझ्याबरोबर निघाले. परभणीच्या दुकानात तीन पुस्तके शोधायची म्हणून. पॅसेंजरला गर्दी नव्हती. समोरासमोर बसलो. त्यांनी पिशवीतून निळे पुस्तक काढले आणि मधूनच उघडले. मी खिडकीबाहेर पाहत होतो, पण बाहेरचे काही पाहत नव्हतो.

"येक सांगू का व्याही," ते म्हणाले. "तिनं कढई पालथी घालून बोट फिरवलं ना, तिथं मी पुस्तक मिटलं. दोन दिवस पुढं गेलो न्हाई. म्हणून फोन केला न्हाई तुमाला."

"मीही तेथेच थांबलो होतो," मी म्हणालो. खिडकीची काच खाली ओढली. डब्यात धूळ फार असते.

व्याही पानाकडे पाहत राहिले. "पण मला येक कळंना. त्या बाईनं ती कढई खरंच उसनी नेली व्हती का?"

"म्हणजे?"

"का तिला यायला काही कारण पाहिजे म्हणून बाजारातून जुनी कढई घिऊन आली?"

दोनदा वाचूनही हा प्रश्न मला पडला नव्हता. मी म्हणालो, नेली होती, कानाला पोचा आहे. ते म्हणाले, पोचा कुठल्याबी कढईला असतो. मी म्हणालो, काजळी पाहून दुसरीला पटले. ते म्हणाले, पटलं न्हाई, तिला कळालं. पटणं निराळं आन कळणं निराळं. मी पुस्तक मागितले. त्यांनी दिले नाही. मी हिसकून घेतले. समोरच्या बाकावरचा माणूस आमच्याकडे पाहू लागला आणि त्याने आपली पिशवी जवळ ओढली. पूर्णा आले, गाडी थांबली, सुटली. मिरखेल आले. आमचे एकमत झाले नव्हते, आणि परभणी अजून दूर होते.